ठिपका सावरतो वर्तुळांच्या जोरावर

शाळेतला तो प्रयोग आठवतो का? तीन पुठ्ठे घ्यायचे, तिन्हींना मधोमध एकेक भोक पाडायचं, ते एका ओळीत उभे करायचे आणि पलीकडे मेणबत्ती लावायची. भोकं सरळ रेषेत असली की ज्योत दिसते. मधला पुठ्ठा जरासा सरकवला की ज्योत गायब. मग वहीत अनुमान लिहायचं : प्रकाश सरळ रेषेत जातो. दोन मार्क हमखास!

त्या एका वाक्यावर आपला संसार व्यवस्थित चालतो. स्वयंपाकघरातला दिवा आपल्या पाठीमागे असला की ओट्यावर आपलीच सावली पडते आणि चिरलेल्या कोथिंबिरीतली अळी दिसत नाही. म्हणून दिवा ओट्याच्या वर लावून घेतो. दुपारचं ऊन टोचायला लागलं की पडदा ओढतो. प्रकाशाच्या वाटेत काही आलं की मागे अंधार होतो, हे सांगायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही.

पण मैत्रिणींनो, हे वाक्य खरं असलं तरी पुरतं खरं नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत प्रयोगशाळांमध्ये असे काही प्रकाशझोत तयार झाले आहेत, की त्यांच्या मधोमध एखादा बारीकसा अडथळा ठेवला तर त्याच्यामागे थोडं अंतर अंधार पडतो, आणि त्यापुढे झोत पुन्हा जवळजवळ जसाच्या तसा उभा राहतो. मधला तेजस्वी ठिपका परत दिसू लागतो. मुद्दाम आकार देऊन घडवलेले हे झोत. इंग्रजीत त्यांना ‘सेल्फ-हीलिंग’ म्हणतात, म्हणजे स्वतःची जखम स्वतःच भरून काढणारे.

मी कला शाखेची. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही हा शब्द वाचला तेव्हा मी थबकले. ‘आपोआप’, ‘स्वतःच’ हे शब्द कानावर आले की घर चालवणारी बाई जरा सावध होते. घर आपोआप आवरलं जात नाही, दूध आपोआप नासायचं राहत नाही आणि म्हाताऱ्या माणसांची औषधं वेळच्या वेळी आपोआप पोटात जात नाहीत. कुणीतरी ते करत असतं. मग हा झोत तरी आपोआप कसा बरा होईल? तिथेही कुणीतरी काम करत असणारच. ते कोण, हे शोधताना जे हाती लागलं ते आज तुमच्याशी बोलायचं आहे.

सुरुवात आवाजापासून करू. आपण स्वयंपाकघरात असतो, मुलगा आतल्या खोलीत. मध्ये दार आणि भिंतीचा कोपरा. तो दिसत नाही, पण ‘आई, माझे मोजे कुठेत?’ हे स्वच्छ ऐकू येतं. आवाज कोपरा वळून येतो. का? कारण आवाज ही लाट आहे. बोलण्याच्या आवाजाच्या लाटांची लांबी काही इंचांपासून दीड-दोन मीटरपर्यंत असते. दाराची रुंदीही त्याच मापातली. अडथळा किंवा फट लाटेच्या मापाची असली की लाट तिच्या कडेवरून वळते, पसरते. शास्त्रात याला ‘विवर्तन’ म्हणतात.

प्रकाश हीसुद्धा लाटच. पण तिची लांबी मिलिमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढी. तिच्यापुढे आपलं दार म्हणजे महासागरच. त्यामुळे ती कोपऱ्यावर वळते ती इतकी थोडी, की आपल्या डोळ्यांना पत्ता लागत नाही. तरी एक सोपा प्रयोग करून बघा. रात्री लांबवरच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे उघडलेल्या छत्रीच्या कापडातून पाहा. दिव्याभोवती फुलीसारखी, ओळीत मांडलेली बारीक ठिपक्यांची नक्षी दिसेल. कापडाच्या धाग्यांमधल्या इवल्याशा फटींतून जाताना प्रकाश वळल्याचा तो पुरावा. पावसाळ्यात कितीदा तरी आपण छत्री घेऊन त्याच दिव्याखालून गेलेलो असतो!

हे वळणं पहिल्यांदा नीट पाहून लिहिलं ते इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या ग्रिमाल्डी नावाच्या जेझुइट धर्मगुरूने. अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून ऊन घेऊन त्याने त्यात एक काडी धरली. सावली हिशेबापेक्षा रुंद होती आणि तिच्या कडेला रंगीत पट्टे होते. त्याचं पुस्तक १६६५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी छापलं गेलं. पण पुढे न्यूटनसारख्या मोठ्या माणसाने प्रकाश म्हणजे बारीक कणांचा वर्षाव असं मानलं आणि त्याचा दबदबा एवढा, की लाटेची बाजू बराच काळ मागे पडली.

मग आला फ्रेनेल. ऑगस्तीन फ्रेनेल हा फ्रान्समधला रस्ते-पूल बांधणारा सरकारी इंजिनिअर. प्रकृती नाजूक. नोकरी सांभाळून प्रकाशाचा अभ्यास करायचा. फ्रेंच अकादमीने याच विषयावर निबंध मागवले होते, तेव्हा त्याने १८१८ मध्ये आपला निबंध पाठवला. परीक्षकांमध्ये प्वासाँ नावाचे मोठे गणिती होते आणि ते कणवाले. त्यांनी फ्रेनेलचं गणित बारकाईने तपासलं आणि म्हणाले, हे खरं मानलं तर एखाद्या गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा. सावलीच्या मधोमध उजेड! म्हणजे हा सिद्धांत हास्यास्पदच ठरतो, असा त्यांचा रोख.

परीक्षकांपैकीच दुसरे एक, अरागो, यांनी वाद घालत बसण्यापेक्षा प्रयोग करून बघितला. दोन मिलिमीटरची धातूची चकती काचेवर मेणाने चिकटवली, प्रकाश सोडला आणि सावलीच्या मधोमध खरोखरच उजेडाचा ठिपका दिसला. १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळालं. गंमत म्हणजे, चूक दाखवायला निघालेल्या प्वासाँच्या नावानेच तो ठिपका आजही ओळखला जातो.

आता हा ठिपका येतो कुठून? चकतीच्या गोल काठावरून सगळीकडून थोडा थोडा प्रकाश आत वळतो. काठापासून मध्यबिंदू सारख्याच अंतरावर असतो. त्यामुळे सगळीकडून आलेल्या लाटा तिथे अगदी एका तालात पोहोचतात, चढाला चढ आणि उताराला उतार जुळतो, आणि उजेड तयार होतो. इतर ठिकाणी ताल चुकतो, एकीचा चढ दुसरीच्या उतारात जातो आणि अंधार राहतो. म्हणजे अडथळ्याच्या पाठीमागचा उजेड अडथळ्यातून आरपार आलेला नसतो. कडेकडेने आलेल्यांनी तो तिथे एकत्र येऊन तयार केलेला असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्यावर उभं आहे.

पुढचा टप्पा यायला दीडशेहून जास्त वर्षं जावी लागली. मधल्या काळात लेसर आला. लेसरचा झोत बॅटरीच्या झोतासारखा पटकन फाकत नाही, हे खरं, पण फाकतोच. आणि झोत जितका बारीक करावा तितका तो लवकर फाकतो, कारण पुन्हा तेच विवर्तन. केसाच्या जाडीइतका बारीक केलेला साधा लेसरझोत दोनेक सेंटीमीटर पुढे गेला की रुंद व्हायला लागतो. पाण्याच्या नळीचं तोंड बोटाने दाबून बारीक केलं की पाणी कसं फवाऱ्यासारखं उडतं, तसं काहीसं.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात जिम डर्निन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळीच युक्ती केली. लेसरचा प्रकाश त्यांनी आधी बांगडीच्या आकाराच्या फटीतून सोडला. बांगडी म्हणजे अगदी बाहुलीची, अडीच मिलिमीटर व्यासाची. तिच्यापुढे भिंग ठेवलं. भिंगातून बाहेर पडलेल्या प्रकाशाच्या मधोमध केसाच्या जाडीचा ठिपका होता आणि भोवती एकात एक वर्तुळं, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. हा ठिपका सुमारे ८५ सेंटीमीटरपर्यंत जवळजवळ तेवढाच बारीक राहिला. कुठे दोन सेंटीमीटर आणि कुठे ८५!

याच झोताला ‘बेसेल झोत’ म्हणतात. तो करायची आणखी सोपी रीत म्हणजे शंकूच्या आकाराचं भिंग. आपलं तेलाचं नरसाळं असतं ना, ते भरीव काचेचं आहे अशी कल्पना करा, फक्त पुष्कळ चपटं. असं भिंग जॉन मॅकलिऑड यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. त्याच्यातून जाणारा प्रकाश सगळ्या बाजूंनी सारख्याच तिरक्या कोनात मधल्या रेषेकडे झुकतो.

बेसेल हे नाव एका जर्मन खगोलशास्त्रज्ञाचं. फ्रीड्रिख बेसेल (१७८४ ते १८४६). वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून ब्रेमेनच्या एका व्यापारी पेढीवर उमेदवारीला लागलेला मुलगा. जहाजांच्या व्यापारात कामाला येईल म्हणून त्याने रात्री जागून खगोलशास्त्र शिकायला घेतलं आणि पुढे क्यूनिग्सबर्गच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. एका ताऱ्याचं आपल्यापासूनचं अंतर विश्वासार्हपणे मोजून १८३८ मध्ये जाहीर करणारा तो पहिला. ग्रहांच्या गतीचा अभ्यास करताना त्याने एक गणित पद्धतशीर मांडलं. त्याच गणिताने या झोताची वर्तुळं नेमकी किती अंतरावर पडतील हे कळतं. ज्याला विद्यापीठाची पायरीसुद्धा चढायला मिळाली नव्हती, त्याच्या रात्रीच्या अभ्यासाचं फळ असं दीडशे वर्षांनी कुठच्या कुठे निघालं.

आता मुख्य प्रश्न. या झोताच्या मधोमध अडथळा ठेवला तर काय होतं? ते समजायला एक चित्र डोळ्यांपुढे आणा. गावातला लांबलचक सरळ रस्ता. दोन्ही बाजूंनी तिरक्या गल्ल्या त्याला येऊन मिळतात. संक्रांतीचे दिवस आहेत. प्रत्येक गल्लीतून बायका हळदीकुंकवाला निघाल्या आहेत. त्या तिरक्या चालीने येतात, मधल्या रस्त्यावर समोरच्या गल्लीतल्या बायकांना भेटतात, घटकाभर बोलतात आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या गल्लीत निघून जातात. वर गच्चीतून पाहणाऱ्याला काय दिसेल? मधल्या रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत साड्यांचीच गर्दी. त्याला वाटेल, या बायका रस्त्याने सरळ चालल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रस्त्याने सरळ एकही बाई चाललेली नसते. जागोजागी वेगळ्याच बायका भेटत असतात.

आता समजा रस्त्यात एके ठिकाणी मोठा खड्डा खणून ठेवलाय. (हे चित्र डोळ्यांपुढे आणायला आपल्याला फारसे कष्ट पडू नयेत!) खड्ड्यापाशी ज्यांची वाट होती त्या बायका अडल्या. खड्ड्याला लागून पुढे काही पावलं रस्ता रिकामा दिसेल. पण त्याच्या पुढच्या गल्ल्यांमधून ज्या येतायत त्यांच्या वाटेत खड्डा नाहीच. त्या आपल्या वेळेवर येऊन भेटतात आणि रस्त्यावर पुन्हा तीच गर्दी. गच्चीतला माणूस म्हणेल, ‘वा, गर्दी खड्ड्यातून आपोआप पार झाली!’

बेसेल झोताचं हेच गुपित आहे. मधला ठिपका हा पुढे पुढे पळणारा एक किरण नसतोच. बाहेरच्या वर्तुळांमधून तिरका येणारा प्रकाश मधल्या रेषेवर एका तालात भेटत असतो आणि प्रत्येक ठिकाणी तो ठिपका नव्याने तयार होत असतो. अडथळा मधला प्रकाश अडवतो, पण ज्या बाहेरच्या वर्तुळांना त्याचा धक्का लागलेला नाही, ती पुढे जाऊन ठिपका पुन्हा घडवतात. झोत असा सावरतो, हे बुखाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं.

अंधाराचं अंतरही साध्या भूमितीने काढता येतं. समजा अडथळा एक मिलिमीटर रुंद आहे आणि प्रकाशाचा तिरकेपणा एक अंश आहे. तर त्याच्यामागे सुमारे तीन सेंटीमीटर अंधार राहील आणि त्यानंतर ठिपका परत येईल. अडथळा दुप्पट रुंद, तर अंधारही दुप्पट लांब.

आणि यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तर अजून सांगायचीच आहे. नुसता ठिपका पाहिला तर वाटतं, सगळं तेज त्याच्यातच आहे, भोवतीची वर्तुळं म्हणजे नुसती फिकट किनार. पण मोजलं तर भोवतीच्या प्रत्येक वर्तुळात साधारण मधल्या ठिपक्याइतकीच ऊर्जा असते. ती मोठ्या घेरावर पसरलेली असते म्हणून फिकी दिसते, एवढंच. वीस वर्तुळं असली तर ठिपक्याच्या वाट्याला एकूण ऊर्जेचा साधारण विसावा-एकविसावा हिस्सा येतो. बाकी सगळं कडेला. जो दिसतो त्याच्यात थोडं आणि जे दिसत नाही त्याच्यात भरपूर! हे वाचल्यावर या विषयाला महिलांच्या पुरवणीत जागा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

एवढं करून याचा उपयोग काय, असं घरातलं कुणीतरी विचारेलच. तर पहिला उपयोग चिमट्यासारखा. प्रकाशाच्या झोताने सूक्ष्म कण, पेशी पकडता येतात. हा ‘प्रकाशाचा चिमटा’ शोधणारे आर्थर ॲश्किन यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं, वयाच्या ९६व्या वर्षी. साध्या चिमट्यात कण सापडला की तोच पुढच्या झोताला अडथळा होतो. २००२ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात व्हेनेरांडा गार्सेस-चावेझ, किशन धोलकिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसेल झोत वापरून एकमेकींपासून तीन मिलिमीटर दूर असलेल्या दोन कुप्यांमधले कण एकाच झोताने एकाच वेळी धरून दाखवले. पहिल्या कुपीतल्या कणाने झोत बिघडवला, पण दुसरीपर्यंत पोहोचेतो तो सावरलेला होता.

दुसरा उपयोग सूक्ष्मदर्शकात. आपलं शरीर म्हणजे प्रकाशाच्या दृष्टीने अडथळ्यांची शर्यत. प्रत्येक पेशी, प्रत्येक पापुद्रा प्रकाश थोडा थोडा विखुरतो. म्हणून तर हाताच्या तळव्यामागे बॅटरी धरली तर नुसता लाल उजेड दिसतो, आतलं काही दिसत नाही. २०१० मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग विद्यापीठात फारबाख आणि रोरबाख यांनी असे सावरणारे झोत सूक्ष्मदर्शकात वापरले आणि माणसाच्या त्वचेच्या नमुन्यात ते साध्या झोतापेक्षा खोलवर आपला आकार टिकवतात हे दाखवलं. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत एरिक बेट्झिग यांच्या गटाने बेसेल झोताने जिवंत पेशींच्या आतल्या हालचाली टिपल्या.

तिसरा उपयोग कदाचित आत्ता तुमच्या पर्समध्ये असेल. मोबाईलच्या पडद्यासारखी पातळ, कडक काच नेमक्या आकारात कापायला बेसेल झोताचे अतिशय सूक्ष्म काळाचे लेसर-ठोके वापरतात. झोत बारीक राहूनच काचेच्या वरपासून खालपर्यंत जातो, त्यामुळे एका ठोक्यात सबंध जाडीभर रेघ पडते. असे प्रचंड ताकदीचे क्षणिक ठोके तयार करण्याची रीत १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार मूरू यांनी शोधली, आणि तीही त्याच रॉचेस्टर विद्यापीठात. स्ट्रिकलंड तेव्हा विद्यार्थिनी होत्या. २०१८चं नोबेल ॲश्किन यांच्याबरोबर या दोघांना मिळालं. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या फक्त तिसऱ्या स्त्री. पहिल्या मेरी क्युरी, १९०३ मध्ये. दुसऱ्या मारिया गोपर्ट मायर, १९६३ मध्ये. म्हणजे दोनदा साठ-साठ, पंचावन्न वर्षांचा अंधार. त्यानंतर मात्र २०२० मध्ये अँड्रिया गेझ आणि २०२३ मध्ये ॲन लुलिए, असे दोन ठिपके भराभर उजळले.

या झोताचं एक भावंडही आहे, ते तर वळून जातं. चहाच्या किंवा दुधाच्या पेल्यात तिरपं ऊन पडलं की आत एक उजळ, वाकडी, टोकदार रेघ दिसते. पेल्याच्या गोल भिंतीवरून परतलेले किरण सगळे सरळच असतात, पण ते जिथे दाटीने एकमेकांना छेदतात तिथे वळणदार रेघ तयार होते. अशा उजळ रेघांजवळ प्रकाश कसा वागतो याचं गणित जॉर्ज एअरी या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये मांडलं, ते इंद्रधनुष्य समजून घेण्यासाठी. त्याच गणितावरून २००७ मध्ये फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी ‘एअरी झोत’ प्रत्यक्षात आणला. त्याचा सर्वांत तेजस्वी भाग वक्र मार्गाने जातो आणि तोही अडथळ्यानंतर सावरतो.

आता तीच युक्ती बिनतारी संदेशांसाठी वापरायची खटपट चालू आहे. आपल्या घरातल्या वायफायच्या लाटा बऱ्याचदा बारा सेंटीमीटर लांबीच्या असतात, त्यामुळे त्या दारा-खुर्च्यांना वळसा घालतात. पण जास्त माहिती वाहून न्यायची तर लाटा मिलिमीटरच्या किंवा त्याहून आखूड लागतात, आणि त्या प्रकाशासारख्याच हट्टी. मध्ये माणूस उभा राहिला तरी संदेश तुटतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन आणि राइस विद्यापीठांच्या संशोधकांनी अशा आखूड लाटांचा वळणदार झोत अडथळ्याला वळसा घालून संदेश पोहोचवू शकतो हे दाखवलं. २०२५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या प्राध्यापिका यासमन घासेमपूर यांच्या गटाने अडथळे बदलतील तसा झोताचा आकार बदलायला संगणकाला शिकवलं.

पण या झोतांची बढाई मारताना त्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एक, अडथळा सबंध झोताएवढा मोठा असेल, म्हणजे त्याने बाहेरची वर्तुळंही झाकली असतील, तर पलीकडे सावरायला कुणी उरतच नाही. दोन, सावरायला अंतर लागतं. अडथळ्याच्या लगेच मागे अंधारच असतो, तो टळत नाही. तीन, वर्तुळं काही अक्षय्य नसतात. खरा झोत कधी ना कधी संपतो, कारण बाहेरचा साठा संपतो. आणि चार, वर्तुळं सांभाळायची तर किंमत मोजावी लागते. बरीचशी ऊर्जा कडेला ठेवावी लागते आणि सूक्ष्मदर्शकात ही कडेची वर्तुळं नको तिथे उजेड पाडून चित्र धूसर करतात. म्हणून शास्त्रज्ञांना सतत हिशेब करावा लागतो. मधला ठिपका झगझगीत हवा, की वेळ आल्यावर सावरणारा हवा?

हा हिशेब मला फार ओळखीचा वाटला. वस्तीतल्या बायकांच्या बचत गटांबरोबर मी बरीच वर्षं काम करते. आमच्या एका गटातल्या मैत्रिणीचा नवरा अचानक गेला. पदरात दोन लहान मुलं, चार घरची धुणीभांडी. सहा-आठ महिन्यांनी ती पुन्हा मीटिंगला येऊ लागली, हसू-बोलू लागली, नंतर तिने पोळी-भाजीचे डबे सुरू केले. आज सगळे तिचं कौतुक करतात : ‘बाई खंबीर हो! स्वतःच सावरली.’

ती खंबीर आहे, यात शंकाच नाही. पण त्या सहा-आठ महिन्यांत शेजारची ताई तिची मुलं स्वतःच्या मुलांबरोबर शाळेत सोडत होती. दोघीजणींनी तिची दोन घरं सांभाळली आणि ती परतल्यावर ती कामं मुकाट्याने तिला परत दिली. गटाने तिचे तीन हप्ते आपसात वाटून घेतले. सासू, जिच्याशी तिचं कधी पटलं नाही, ती रोज रात्री तिच्या शेजारी अंथरूण घालत होती. ही सगळी वर्तुळं. ती फिकट दिसतात, त्यांचा कुठे सत्कार होत नाही. आणि त्यातल्या प्रत्येकीने आपल्या वाटची ताकद खर्च केली होती. कुणी झोप, कुणी पैसे, कुणी रजा. फुकटात काही झालं नव्हतं.

म्हणून ‘स्वतःच सावरली’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं आणि थोडं धोक्याचंही. कारण त्याची दुसरी बाजू अशी, की जी सावरत नाही तिच्यातच काहीतरी कमी आहे असा अर्थ निघतो. ‘अमकी बघ कशी उभी राहिली, तूच का रडत बसतेस?’ पण तिच्या बाबतीत अडथळ्याने वर्तुळंही झाकून टाकली असतील तर? माहेर तुटलेलं, गाव सोडून आलेली, शेजाऱ्यांशी बोलायला बंदी, हातात फोन नाही. अशा बाईला धीराचे चार शब्द सांगून भागत नाही. तिच्याभोवती आधी माणसं उभी करावी लागतात. आणि तिला वेळही द्यावा लागतो. अडथळा जितका मोठा, तितका त्याच्यामागचा अंधार लांब असतो, एवढं तर साधी भूमितीही सांगते.

आपल्यापुरता आणखी एक विचार करण्यासारखा आहे. झोताची वर्तुळं अडथळा आल्यावर जमवलेली नसतात, ती सुरुवातीपासूनच त्याच्यात असतात. आपण मात्र घर, मुलं, नोकरी यांच्यात सगळी ताकद मधल्या ठिपक्यावर लावतो. भिशीला जायला वेळ नाही, मैत्रिणीला फोन नंतर करू, शेजारणीकडे नुसतं बसायला जाणं म्हणजे रिकामपणा, असं म्हणत एकेक वर्तुळ पुसून टाकतो. घरची माणसंही म्हणतात, ‘रोज रोज काय बोलायचं असतं तुम्हाला?’ त्यांना सांगायला हरकत नाही, की कडेला गेलेली ती ऊर्जा वाया गेलेली नसते.

तेव्हा या आठवड्यात दोन गोष्टी करू या. दुपारच्या चहाच्या वेळी पेल्यात ऊन पडलं तर ती वळणदार उजळ रेघ मुलांना, नातवंडांना दाखवा. सगळे किरण सरळ असूनही रेघ वाकडी कशी, हे त्यांनाच विचारा. आणि चहा पिता पिता ज्या मैत्रिणीला बरेच दिवसांत फोन झाला नाही, तिला तो लावा. काही काम नसताना लावा.